दगडावरचा दहीभात

बाबा, परवा मी कापसाच्या शेतात सीतादही करून आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि केलं ते जॉर्जियात. सरकी काढायच्या तुमच्या जिनिंगच्या आवारात तुम्ही या जॉर्जियाचं नाव लोक काशीचं घेतात तसं घ्यायचात. मी इथे इतकी वर्षं राहते, पण अटलांटाशेजारच्या अल्फारेटात ऑफिस, मुलीची शाळा आणि मंडळाचा गणपती यापलीकडे काही दिसत नाही. कापूस बघायचा तो टी-शर्टात. अटलांटाच्या खाली तीनेक तास गेलं की शेतं लागतात, सध्या वेचणी चालू आहे, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं, आणि मी घरी दही विरजलं. स्टीलच्या डब्यात दहीभात, पुडीत कुंकू आणि गाडी चालवायला तुमची नात. तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. तिला हे सगळं विचित्र वाटत होतं, पण आली बिचारी.

सीतादहीला, वेचणीच्या पहिल्या दिवशी, आई काय करायची, ते तुम्हाला मी काय सांगायचं. बांधावर बाभळीखाली आपले शेतातले देव होते, म्हणजे न घडवलेले चार दगड. त्यांना कुंकू लावायचं, समोर दहीभात ठेवायचा, उरलेला कापसाच्या पऱ्हाटीवर शिंपायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. तेवढ्यासाठी तुम्ही जिनातून सुट्टी काढून यायचात. ते पहिलं बोंड माझ्या हातात द्यायचात आणि सरकीपासून धागे सोडवून, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायला लावायचात. तुमचं रोजचं कामच ते. आलेल्या गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, धागा ओढून लांबी बघायची आणि ग्रेड सांगायची. मिशांवर, भुवयांवर रुई बसलेली असायची. पुढे ती छातीतही बसली आणि त्या खोकल्यानेच तुम्हाला नेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. अजूनही तुमची आठवण येते ती खोकल्यासकट येते, आणि मला ती सहन होत नाही.

कापसाची गोष्ट तुम्ही नेहमी एकाच जागेपासून सुरू करायचात. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, साहेबाची नजर आपल्याकडे वळली, मग रेल्वे आली, जिन आले, बाजार फुलले. "त्यांची लढाई, आपली दिवाळी," असं म्हणून हसायचात. मी एकदा विचारलं, "पण बाबा, लढाई कशावरून झाली?" तुम्ही एकदम चिडलात. "व्यापारात असले प्रश्न विचारत नसतात. तू धागा ओढ." तुम्ही माझ्यावर सहसा रागवायचा नाहीत, म्हणून ते मनात राहून गेलं. जिनाच्या ऑफिसात एक रंग उडालेलं चित्र होतं, आठवतं? अमेरिकेतलं पांढरंशुभ्र शेत, त्यात वाकलेली काळी माणसं, खांद्यावरून जमिनीवर फरफटणाऱ्या लांबलचक पिशव्या. आई तुमचा डबा घेऊन आली होती, ती बघतच राहिली. म्हणाली, "यायच्या ओट्या पाहा किती लांब हायत. बांधावर येऊन रिकाम्या कराले बी सवड देत नसन यायले." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डबा उघडता उघडता मला म्हणालात, "बोंड बघ. केवढं आहे बोंड."

तर परवा मी ते बोंड बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पऱ्हाटी उभी आहे, औषध फवारून पानं गाळलेली, नुसत्या काड्या आणि कापूस. वेचणारी बाई एकही नाही. लांब एक यंत्र चाललंय आणि मागे गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोल गाठी टाकत जातंय. शेताच्या मध्येच ओकच्या झाडांचं एक बेट होतं, त्याला नांगर लागलेला नव्हता. यंत्रही त्याला वळसा घालून जात होतं. आत गेले तर झाडाखाली गुडघाभर उंचीचे, न घडवलेले दगड. बाबा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, शेत कुठलंही असो, शेतकरी त्यात चार दगड मांडतोच. लेक म्हणत होती, "आई, धिस इज समबडीज लँड, प्लीज." मी ऐकलं नाही. पुढच्या दगडाला ठसठशीत कुंकू लावलं, दहीभात ठेवला, हात जोडले आणि तुम्हाला सांगितलं, बघा, पोचले मी.

मागून गाडीचं दार वाजलं. एक म्हातारी काळी बाई हातात खुरपं घेऊन येत होती. इथे ती गवत काढायला येते, हे नंतर कळलं. ती दगडाकडे बघत उभी राहिली. मी घाईघाईने सांगायला लागले, हार्वेस्ट, प्रेयर, आमच्याकडचे फील्ड गॉड्स. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हनी, दीज आर ग्रेव्ह्ज. दे वर स्लेव्ह्ज." तिचे खापरपणजोबा कुठेतरी यांतच आहेत, पण दगड कोणता ते ठाऊक नाही, कारण नाव कोरायची मुभाच नव्हती. तिने सांगितलं ते असं. इथे दुसरं पीक कुणाला नकोच होतं. मालक कापसावर कर्ज काढायचा आणि माणसांवरही काढायचा, तारणाच्या यादीत खेचरांच्या खाली माणसांची नावं लिहून. जमिनीचा कस गेला तेव्हा धडधाकट तेवढे घेऊन तो पश्चिमेला नवीन जमिनीवर गेला. गावातली बँक, मोठ्या खांबांची कोर्टकचेरी, रेल्वे, सगळं यांच्या बोटांतून उभं राहिलं. सुटका झाल्यावरही तिचे लोक त्याच जमिनीवर बटईने, पिकातला वाटा मालकाला देऊन, कापूसच लावत राहिले, कारण दुकानदार दुसऱ्या पिकावर उधार देत नव्हता. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मला तुमची दिवाळी आठवत होती.

मी सॉरी सॉरी म्हणत भात उचलायला वाकले, तर ती म्हणाली, "तो राहू दे. लाल रंग तेवढा पूस." मी ओढणीने पुसायला लागले. बाबा, कुंकू दगडातून निघत नाही. घासलं की जास्तच पसरतं. माझी लेक बाटलीतून पाणी ओतत होती, ती बाई माझ्याशेजारी गुडघे टेकून तिच्या रुमालाने पुसत होती, आणि आम्ही तिघी कितीतरी वेळ त्या एका दगडाला धूत होतो. थोडा गुलाबीपणा राहिलाच. "पावसाने जाईल," ती म्हणाली. मी तिथे रडले, बाबा, तुमच्या तेराव्यालाही रडले नव्हते तशी. कुणासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

परत येताना लेक गाडी चालवता चालवता म्हणाली, "आजोबा जिनमध्ये काम करायचे ना? यू नो, जिन आलं म्हणून स्लेव्हरी वाढली. सरकी काढायचं काम सोपं झालं, सो दे नीडेड मोअर पीपल टू पिक." आणि तुम्ही मला सांगायचात, सरकी काढणाऱ्या रेच्याने माणसाचे कष्ट वाचवले. मी तिला म्हटलं, आजोबांना हे माहीत नव्हतं. पण त्या चित्रासमोर डबा उघडणारे तुमचे हात मला दिसत होते. तुम्हाला माहीत होतं. निदान आईने पाहिलं तेवढं तरी तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही वाईट नव्हतात, तुमच्यासारखा मायाळू माणूस मी पाहिला नाही, आणि म्हणूनच काळीज फाटतं. एकदा समोर बसून विचारता आलं असतं तर विचारलं असतं, लढाई कशावरून झाली? रागावला असतात तरी चाललं असतं.

हे पत्र लिहून मी कुठे टाकणार? स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिते आहे, इथेच राहील. त्या बाईने निघताना स्वतःहून एक बोंड तोडून माझ्या हातात दिलं, ते समोर आहे. आज सकाळी लेक शाळेत गेल्यावर मी ते उघडलं, सरकी सोडवली आणि तुम्ही शिकवल्यासारखा दोन अंगठ्यांत धरून धागा ओढला. सगळं ऐकून, सगळं पाहून आल्यावरसुद्धा ओढला. चांगला लांब निघाला, बाबा. मला आनंद झाला.