लोसाचा हात आणि अक्काचे हातमोजे

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या फेलेटीचा खाली बसून नमस्कार. (खरोखर खाली चटईवर बसलोय. तुला पत्र लिहायचं आणि तेही खुर्चीवर बसून, हे तुझ्या भावजयीने, म्हणजे ओलिवेने, पाहिलं असतं तर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं असतं.) ऑकलंडची थंडी आता ओसरली असेल. दाजींचा गुडघा कसा आहे? दाजींच्या गुडघ्याची चौकशी करायला हरकत नसावी, असं मी बराच विचार करून ठरवलंय. तुझीही तब्येत ठणठणीत असावी अशी देवाजवळ प्रार्थना करतो. नेमकं काय काय ठणठणीत असावं ते त्याला ठाऊक आहे, भावाने बहिणीला ते विचारायचं नसतं. तसं पाहिलं तर हे सगळं पत्रच कातडीविषयी आहे आणि पहिल्याच ओळीपासून मला घाम फुटलाय. देवाची एकच कृपा, की आमची पोरगी लोसा भाजली ती हातावर. हात लिहिता येतो. दुसरीकडे कुठे भाजली असती तर मला तुला पत्राऐवजी एखादं भजन पाठवावं लागलं असतं.

तुझी पेटी बोटीने सुखरूप पोचली. चादरी, मांसाचे डबे, दाजींचे जुने बूट (एक मला येतो, एक येत नाही, असं कसं झालं कोण जाणे), आणि अगदी वर लोसासाठी कोपरापर्यंतचे पांढरे जाळीचे हातमोजे, मलमाच्या दोन नळ्या आणि तुझी चिठ्ठी. ओलिवेने ती सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली. “लोसाचा तो डावा हात लग्नात कुणाच्या नजरेस पडता कामा नये. नवऱ्याकडची माणसं राजधानीतली आहेत, बारीक नजरेची आहेत.” लोसा तिथेच बसून माळेसाठी फुलं निवडत होती. अक्का, इतकी वर्षं त्याच हाताने ती कपडे पिळते, चर्चमध्ये पुस्तकाची पानं उलटते, शाळेत पोरांना फळ्यावर बेरजा शिकवते. त्या हाताकडे कुणी वळून बघितलं नव्हतं, तिने स्वतःही नाही. त्या दिवसापासून मात्र ती भर दुपारी शाल घेऊन बसते आणि कुणी विचारलं तर थंडी वाजते म्हणते. आमच्या वावाऊ बेटावर! थंडी!

पण तुझी आज्ञा म्हणजे आज्ञा. बापापेक्षा बापाची बहीण मोठी, हे मी तुला काय सांगावं? लग्नात सगळ्यात उंच चटई तुझी, केकचा वरचा मजला तुझा, तू टोपी मागितलीस तर मी डोक्यासकट देईन. तेव्हा लगेच कामाला लागलो.

आधी मलम. सकाळ-संध्याकाळ चोळायचं, असं नळीवर लिहिलं होतं. चोळायची जबाबदारी ओलिवेची, आठवण करायची माझी. आता तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी आठवण करायला म्हणून ओसरीवर बसायचो आणि समोर व्हॅनिलाच्या शेंगा उन्हात पसरलेल्या असायच्या. यंदा काय वास सुटलाय म्हणून सांगू! शेंगा काळ्या पडत जातात आणि तो वास आधी अंगणात फिरतो, मग घरात येतो, मग माणसाच्या डोक्यात शिरून बसतो. मग मला वाटायला लागतं की मी तरंगतोय, खाली सगळं बेट हिरवंगार पसरलंय आणि कुठेतरी बायका झाडाच्या सालीचं टापा कापड कुटताहेत, ठक ठक ठक, लोसाच्या लग्नासाठी की माझ्या, काही कळत नाही. असा मी तरंगत असताना डुक्कर आलं आणि दोन्ही नळ्या खाऊन गेलं. (नेमकं तुझ्या वाट्याचं, लग्नासाठी राखलेलं डुक्कर. त्याच्या कानावर कुत्र्याने चावल्याचा व्रण होता तो फिका झालाय असं ओलिवे म्हणते, पण टोमणा मारायची संधी ती सहसा सोडत नाही.) डुकराची तब्येत उत्तम आहे, काळजी करू नकोस.

मग मेलेनाइते आजींकडे गेलो. झाडपाला देणाऱ्या आता त्याच एकट्या उरल्यात. पोरीला घेऊन गेलो. आजींनी पाला चावून वाटीत काढला, लोसाचा हात मांडीवर घेतला, दिव्यासारखा इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “आधी सांग, हे झालं कसं? गोष्ट ऐकल्याशिवाय मी पाला लावत नाही.” लोसाने मान खाली घातली. मग मीच त्यांच्या कानात सांगितलं. आजींनी ऐकलं आणि वाटीतला पाला खिडकीतून बाहेर टाकून दिला. “अरे फेलेट्या, मी आजारावर औषध देते. याच्यावर माझ्याकडे पाला नाही. घेऊन जा तिला.” म्हणजे तोही उपाय संपला. (कानात काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही.)

मग ओलिवे म्हणाली, “आता सिआलेशिवाय गत्यंतर नाही.” सिआले तुला आठवेल. शाळेत माझ्या शेजारी, मुलांच्या बाकावर बसायची ती. आता पोस्टामागे तिचं केस कापायचं दुकान आहे आणि बेटावरची एकही नवरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय चर्चची पायरी चढत नाही. ती आली तीच कमरेवर हात ठेवून. “कुठाय तो हात? एवढाच? शी! याच्यासाठी गावभर बोंब? मी नवरीच्या आईच्या मिशा झाकल्यात!” आणि मग ती रंग कालवायला बसली. अक्का, ती काय कारागिरी होती! थोडा दालचिनीसारखा, थोडा भिजल्या वाळूसारखा, एक बोट त्याचं, एक बोट याचं, मधूनच फुंकर. आम्ही तिघंही बघत राहिलो. बाहेर ऊन कलत होतं, चर्चमध्ये मंडळी गाण्याचा सराव करत होती, आणि लोसाच्या हातावरचा तो जुना सुरकुतलेला पट्टा हळूहळू विरत गेला, ओहोटीच्या वाळूवरच्या पावलासारखा. ओलिवेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं वाटलं. पोरगी दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली. पण तुझी आज्ञा होती, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

मग सिआले म्हणाली, जरा नाचून दाखव बघू. लोसा उभी राहिली. ओलिवेने नेहमीप्रमाणे उठून खोबरेल तेलाची बाटली आणली, आणि नेहमीप्रमाणे पोरीच्या खांद्यांवर, हातांवर सढळ हाताने ओतली. आपल्याकडे तेलाशिवाय कुणी नाचलंय का कधी? अंग चमकलं नाही तर तो नाच कसला? तेल ओतलं, आणि सगळा रंग दंडावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर आणि मनगटावरून थेट आपल्या आजीच्या ठेवणीतल्या चटईवर! आम्ही चार मोठी माणसं, चौघांचाही जन्म या बेटावरचा, आणि एवढा वेळ एकाच्याही डोक्यात तेल आलं नाही. सिआले कपाळ बडवत म्हणाली, “आख्खं बेट नटवलं मी! आणि तेल विसरले! आता हे कुणाला सांगाल तर बघा, तुमच्या सगळ्यांचे केस हिरवे करीन!” चटई ओलिवे तीन दिवस घासतेय. ती तुलाच लग्नात द्यायची होती. थोडी नक्षी आली आहे असं समज.

राहिले हातमोजे. तेही घालून पाहिले. तेल लागल्यावर जाळी हाताला चिकटली आणि डाग होता त्याहून ठसठशीत दिसायला लागला, जणू चौकट करून भिंतीवर लावलाय. आणि बोटं! आपला नाच सगळा बोटांत असतो, हे तुला मी शिकवावं का? तू नाचायचीस तेव्हा तुझी बोटं हवेत काहीतरी उलगडायची आणि बाकीचे सगळे श्वास रोखून बसायचे. लोसाची बोटं त्या मोज्यांत जाळ्यात सापडलेल्या मासळीसारखी तडफडत होती. तिने मोजे काढले, नीट घडी केली आणि म्हणाली, “बाबा, मी नाही नाचत. आत्याला हा हात नकोय ना, मग राहू दे.” ओरडली नाही, रडली नाही. घडी करून तुझ्या पेटीत ठेवले आणि वह्या तपासायला बसली.

नवरी आपल्याच लग्नात नाचणार नाही! नवरा मुलगा सामिसोनी भला आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, “मामा, मला तो हात पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्ही कुणाला फसवताय?” (लग्न ठरल्यापासून तो मला मामा का म्हणतो हे मला अजून समजलेलं नाही, पण म्हणतो गोड.) पण त्याच्या म्हणण्याने काय होतं? लोसाला तुझा शब्द हवा आहे, तुझाच. मी जाऊन किनाऱ्यावर बसलो. हल्ली बंदरात देवमासे आलेत. संध्याकाळचं पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं आणि एक मादी पिल्लाला घेऊन अगदी जवळ येते, श्वास सोडते, पुन्हा बुडते. तिच्या पाठीवर ओरखडेच ओरखडे आहेत. कुठल्या समुद्रांतून, कशाशी झुंजून आली असेल! पिल्लू त्याच पाठीवर लोळत असतं. तिला कुणी मोजे पाठवत नाही. मी बराच वेळ बघत बसलो आणि मग डोळे मिटले तरी ती दिसत राहिली. घरी आल्यावर ओलिवे म्हणाली, “झोप लागली होती ना?” मी नाही म्हणालो. अर्धं खरं होतं.

तर एकूण असं आहे. तुझ्या आज्ञेप्रमाणे सगळे उपाय केले, एकही सोडला नाही, आणि पुढेही तू म्हणशील ते करू. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, आता काय जाणार! दाजींना नमस्कार, भाचरांना आशीर्वाद. (ती मानाने माझ्याहून मोठी आहेत, तेव्हा त्यांनाही नमस्कारच.)

तुझ्या आज्ञेतला,
फेलेटी

ता. क. येताना जाड सुई आणि काळा दोरा आण. इथे मिळतो तो ओढला की तुटतो. मला येतो त्या बुटाच्या जोडीतला दुसराही आण, असला तर.

ता. क. दुसरा. ओलिवे झोपली आहे आणि लोसा चर्चमध्ये गेली आहे, तेव्हा लिहून टाकतो. तू ऑकलंडला निघालीस त्याच्या आदल्या रविवारी आपण सगळे इथे जेवलो होतो. मी जमिनीत दगड तापवून लावलेला उमू उघडला. अळूच्या पानांच्या पुड्या एकेक करून वर काढत होतो आणि तुझ्या वाट्याची, सगळ्यात मोठी, नारळाच्या दुधात भिजलेली पुडी माझ्या हातून निसटून तापल्या दगडांच्या मध्ये पडली. मी म्हणालो, गेली, जाऊ दे. लोसा तेव्हा एवढीशी होती, माझ्या कमरेलाही लागत नव्हती. “आत्याची आहे!” एवढंच ती ओरडली आणि मी वाकायच्या आत तिने हात घातला. पुडी बाहेर काढली, पानही फाटू दिलं नाही. ओलिवे तिला मागच्या दारी घेऊन गेली आणि पोरीने ओठ चावून रडणं दाबलं, कारण तू पुढच्या ओसरीवर जेवायला बसली होतीस. तू ती पुडी खाल्लीस आणि म्हणालीस, असं जेवण पुन्हा कधी मिळायचं! अजूनही दर पत्रात लिहितेस. आम्ही तुला सांगितलं की चुलीवरचं पाणी सांडून भाजली. खरं सांगितलं असतं तर तो घास तुझ्या घशाखाली उतरला नसता, आणि दुसऱ्या दिवशी तुझं विमान होतं. सांगू नका, असं लोसानेच आमच्याकडून वचन घेतलं होतं. ते मी आज मोडतोय. तुझ्या शब्दाबाहेर जायची हीही पहिलीच वेळ, अक्का: मी तो हात झाकणार नाही. मला झाकवत नाही.

आपल्या घरात नवरीला तेल लावायचा मान आत्याचा. त्या दिवशी तूच लाव. आणि सुरुवात डाव्या हातापासून कर. बाकी तिला काही बोलू नकोस, ती समजेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हातमोजे परत पाठवत नाही. लग्नाच्या दिवशी तीच पुडी पुन्हा करणार आहे, आणि उमू मीच उघडणार आहे. या वेळी एक मोजा माझ्या हातात असेल, आणि तुझा वाटा मी सगळ्यांच्या आधी बाहेर काढीन.