देव्हाऱ्यासह फ्लॅट

११ फेब्रुवारी २००६
आज आचोळ्याला. दुसरा मजला, दोन खोल्या, हप्ते थकले म्हणून बँकेचा ताबा. मी किंमत काढायला. सगळ्या भिंती हातोडीने ठोकून पाहिल्या. बाथरूमला थोडी ओल, बाकी ठीक.

घरमालकीण वसुंधराबाई, विधवा. सामान टेम्पोत चढलं, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला देव्हारा तसाच, आत पितळेचे देव. बँकेचे साहेब म्हणाले, हेही न्या. ती म्हणाली, "देव घराचे आहेत, माझे नाहीत. पारोशाने हात लावू नका."

साहेब मागे सरले. पंचही. तेवढा कोपरा मी ठोकला नाही.

निघताना तिला माझ्याशी बोलायचं होतं. मी टेप गुंडाळत राहिले.

१२ फेब्रुवारी
परक्याचे देव असलेलं घर कोण घेईल? ठेवले तर पूजा गळ्यात, काढले तर पाप. गिऱ्हाईक दारातूनच परत — भाव पडणार!

हे घर मला हवं आहे. नायगावची भाड्याची खोली पुरे झाली. बाबांचे स्वेच्छानिवृत्तीचे सगळे पैसे यात घालायचे. किंमत काढणाऱ्याने बोली लावायची नसते. मामा लावेल.

१५ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. भटजी बोलावून देव हलवतो म्हणे. मी म्हटलं, पंचनाम्यात देव्हारा आहे. हात लावलात तर बाई कोर्टात जाईल. घाबरले.

२७ फेब्रुवारी
वसुंधराबाई ऑफिसात. लिलावात कमी आले तर उरलेलं कर्ज कोणाच्या डोक्यावर? तुमच्याच, म्हटलं. आणि जास्त आले तर? तुमचे. उठता उठता विचारलं, देव जागेवर आहेत ना? हो. तेव्हा कुठे हसली.

भाबडी.

२२ मार्च
लिलाव. घर बघून बरेच गेले, बोलीला दोघेच — मामा आणि विलास म्हणून एक गृहस्थ. वसुंधराबाईचा भाऊ! म्हणजे देव मागे ठेवायचे, गिऱ्हाइकं पळवायची आणि भावाने घर स्वस्तात उचलायचं. हुशार आहे बाई.

तो चढवत गेला. मी मामाला होकारार्थी मान हलवत गेले. ठरवलेला आकडा कधीच मागे पडला. मग तो एकदम गप्प बसला.

घर आमचं. जिन्यात ती उभी होती. वाटलं, शिव्याशाप देईल. नमस्कार केला!

१२ एप्रिल
बाबांचे पैसे भरून झाले. चावी मिळाली. आंघोळ करून आईने देव ताटात घेतले. मी देव्हारा खुंटीवरून काढला.

मागे पुठ्ठा. पुठ्ठ्यामागे कॉलम. काँक्रीट नखाने उकरलं तर वाळूसारखं गळलं. सळया गंजून सुतळीएवढ्या.

सबंध घरात हीच एक जागा ठोकली नव्हती. आणि देव हलू दिले नाहीत ते मीच.

बाबा हॉलमधून विचारत होते, रंग कुठला द्यायचा.

१५ एप्रिल
पुठ्ठा पुन्हा लावला. देव्हारा जागेवर. उद्या घर बघायला एक जोडपं येणार आहे, बायकोला सातवा महिना. आईला सांगून ठेवलं — सकाळीच दिवा लाव, आणि म्हण, पारोशाने हात लावू नका.