दोन किलो कॉफी

अश्केलोन
मंगळवार, ४ फेब्रुवारी २००३

आज दुकानदार मला हसला, आणि बरोबरच हसला. माझ्या रूबेनने एस्प्रेसोचं मशीन घेऊन दिलं, तेव्हा मी दोन किलो दाणे त्याच्याकडूनच एकदम दळून आणले होते. वर्षाचा मसाला आम्ही असाच करतो, मग कॉफीही बरणीत दाबून भरली, तोंडाला फडकं बांधलं. हिंगाचा खडा तेवढा नाही टाकला.

तरीच. शुक्रवारी रूबेन दोन महिन्यांनी पेताह तिक्वाहून आला. मी कप गरम करून घेतला, भुकटी जोर लावून दाबली, तरी कॉफी पाण्यासारखी भसाभस उतरली, वर फेस नाही. एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला. "कशी झाली रे?" मी विचारलं. "बेसेदेर, इमा," म्हणाला. म्हणजे ठीक आहे, आई. मी मराठीत विचारते, तो हिब्रूत उत्तर देतो. कप तसाच भरलेला राहिला. काय करणार होते मी, आग्रह?

दळलेल्या कॉफीचा वास दोन-चार दिवसांत उडतो, मग दाबा कितीही, असं दुकानदार म्हणाला. दाणे ठेवायचे, प्यायच्या वेळी लागेल तेवढेच दळायचे. हातचक्की घेतली.

बरणी अजून ओट्यावरच आहे, टाकवत नाही. तो कपही त्या दिवशी तो गेल्यावर लगेच धुववला नव्हता.

रूबेन येईल त्याच दिवशी दळायची, एवढं कळलं. तो दिवस कुठला, ते कोणाला विचारू?