एकही थेंब न सांडता

।। श्री ।।
राजाजीनगर, बंगळूर
ता. ६ फेब्रुवारी १९६१

ती. गं. भा. जमनाअक्कास,
नागनाथचा कृ. सा. न. वि. वि.

हेमलता व मुले ठीक आहेत. ट्रकही ठीक आहे. फक्त अंगण ठीक नाही.

गॅरेजवाल्याने मागच्या खेपेस जुनेच इंजिन ऑइल पुन्हा ओतून दिले, तेव्हा तू लिहिलेस की दाजी सतरा वर्षे हे काम स्वतः अंगणात करीत आणि एक थेंब सांडत नसे. म्हणून परवा मीही घरीच केले. एक थेंब सांडला नाही. सगळे एकदम सांडले. इंजिनखालचा नट सुटला तसा लोंढा हेमलताची पितळी परात ओलांडून निघाला, तो घरमालकीण यल्लव्वांच्या रांगोळीवर जाऊन थांबला. त्यांनी हंस काढला होता. त्याचा कावळा झाला.

यल्लव्वा ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की अण्णा (म्हणजे मी) रोज पोथी वाचतात म्हणून एक वेळ सरी, चालेल, पण यापुढे स्वल्प डाग दिसला तरी त्याच दिवशी ट्रक अंगणाबाहेर. अक्का, दुसरी जागा नाही. रस्त्यावर ठेवला तर सकाळी चाके शोधावी लागतील. म्हणजे विकणेच आले, आणि दाजींमागे ही त्यांची एकच वस्तू तू विश्वासाने माझ्या हाती दिलीस. दीड महिन्याने तेल पुन्हा बदलायचे आहे. काय करू ते कळव.

लोभ आहेच, हे पत्र वाचल्यावरही राहावा.
तुझा नागनाथ


निपाणी
ता. ११ फेब्रुवारी १९६१

चि. नागनाथ यास,
जमनाचे अनेक आशीर्वाद.

दोन गॅलन तेल पितळी परातीत धरू पाहणारा भाऊ मला दिला, याबद्दल देवाचे किती आभार मानावेत? तू त्याच्याशी रोज बोलतोस, माझाही निरोप सांग.

आता नीट वाच. रॉकेलचा चौकोनी डबा आडवा ठेवून त्याची वरची बाजू कापून टाक. जमिनीवर लाकडाचा भुसा, त्यावर पोते, त्यावर डबा. इंजिन आधी थोडे चालव, म्हणजे तेल पातळ होऊन उतरते. पण कढत होऊ देऊ नकोस, बोटे तुला पूजेला लागतात. नट शेवटच्या आट्यांपर्यंत आत दाबूनच फिरवायचा आणि मग एकदम बाजूला घ्यायचा. दिवसभर निथळू दे. नट घट्ट बसव, नवे तेल ओत, काठी बुडवून पाहा. जुने तेल फेकू नकोस, लॉरीने इकडे पाठव. गोठ्याच्या वाशांना वाळवी लागली आहे.

दाजी हे सगळे माळ ओढावी तसे सहज करीत. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. ट्रक मीच विकीन. कुणी अंगणातून हाकलला हे मला ऐकायचे नाही. हेमलताला परातीबद्दल माझी माफी सांग, तू मागितली नसशीलच.

देवाच्या नावाबरोबर अधूनमधून माझेही घेत जा.
जमना


राजाजीनगर, बंगळूर
ता. २० मार्च १९६१

ती. अक्कास कृ. सा. न. वि. वि.

एकही थेंब सांडला नाही. हे वाक्य पुन्हा वाच. मलाही तीनदा वाचावे लागले.

शनिवारी तू लिहिलेस तसे सगळे मांडले, पाठीवर पडलो, मारुतीचे नाव घेतले आणि नट काढला. अभिषेकाची धारही इतकी सरळ पडत नाही. संध्याकाळी नट बसवला, डबा, पोते, भुसा सगळे उचलले. यल्लव्वांनी वाकून वाकून पाहिले आणि काही न बोलता आत गेल्या. यापेक्षा मोठी स्तुती त्या करीत नाहीत.

मग ध्यानात आले की नवे तेल आणलेलेच नाही, आणि वार शनिवार! शनिवारी तेल विकत आणायचे नाही, हा आईचा नेम. हेमलताने विचारले की शनिदेवाला गोडे तेल आणि इंजिनचे तेल यातला फरक कळत नसेल का. मी म्हणालो, कळत असेल, पण त्यांची परीक्षा आपण कशाला घ्यावी?

रविवारी सकाळी मी तेल आणायला पंपावर गेलो. इंजिन कोरडे आहे हे सांगणारी एक खूण मी मागे ठेवली नव्हती, इतके स्वच्छ काम! तेवढ्यात आपला ड्रायव्हर परसू आला. चिकपेटेतून कापडाच्या गाठी लवकर उचलायच्या म्हणून त्याने खुंटीवरची किल्ली घेतली. त्याने गाडी काढली असती तर चौकापर्यंत जाऊन इंजिन कायमचे जाम झाले असते.

पण अंगण स्वच्छ पाहून यल्लव्वांनी त्या सकाळी पहिल्यांदाच ट्रकच्या पुढच्या चाकांसमोर रांगोळी घातली होती. तोच हंस. त्याच्यावरून चाक न्यायला परसूचा जीव होईना. मी आलो तेव्हा तो पायरीवर विडी ओढत होता आणि अज्जीने गाडी अडवली म्हणून कुरकुरत होता. मी हंसाला हात जोडले. मालकांची भक्ती फारच वाढली, असे परसू सगळ्यांना सांगतो आहे.

अक्का, दाजींचा ट्रक मी जवळजवळ मारला होता. त्यांच्या हातून असे कधी झाले नसते. तू म्हणशील तर निपाणीला आणून सोडतो. जुने तेल आज लॉरीने पाठवले आहे.

लोभ कमी झाला असल्यास तसे स्पष्ट लिहावे.
नागनाथ


निपाणी
ता. २५ मार्च १९६१

चि. नागनाथ यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तेल आणू नये हे तुला आठवले. ते शुक्रवारी आणता येते, एवढे मात्र आई सांगायची विसरली. यापुढे इंजिन रिकामे असेल तेव्हा किल्ली कमरेला लाव. हंस रोज कामावर येईल असे नाही.

ट्रक आणू नकोस. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दाजींच्या हातून थेंब सांडत नसे, असे मी सगळ्यांना सांगत आले. सांडत असे, चांगले ओंजळभर. ते आंघोळीला गेले की मी राखेने अंगण घासून काढी आणि वर सडा घाली. मग ते बाहेर येऊन अंगण न्याहाळीत, मिशीवरून हात फिरवीत, आणि मी चहा पुढे करी. तुझ्या हातून खरोखरच सांडले नाही. तेव्हा ट्रक आजपासून तुझा. यल्लव्वांना माझ्याकडून एक खण दे.

तेलाचा डबा पोचला. झाकण लावण्यात तू आपली कीर्ती राखलीस. माझ्या उंबऱ्यापाशी हा एवढा काळा डाग पडला आहे. राख घेऊन बसले होते, पण अजून पुसलेला नाही.

आहे तसाच राहा, आणि पत्र लिहीत जा.
जमना