मागचा नट बाबांनी आवळलाय

आई,

शाळेतून सरळ टावर चौकात, पूजाच्या बाबांच्या एसटीडी बूथवर जातेय. चौरसियाजी जीप न्यायला येतील तेव्हा मला घरी राहायचं नाहीये.

काल तू बँकेत होतीस तेव्हा जीपचं गिअर ऑइल मी बदललं, एकटीने. विकायचीच आहे तर कशाला, असं म्हणशील. पण बाबा दर दिवाळीनंतर बदलायचे. ते गेले म्हणून यंदा चुकवायचं, हे मला पटेना. गिअरबॉक्स झाला, फोर-व्हीलची पेटी झाली, पुढच्या चाकांमधलं डिफरेंशियलही झालं. हर्षलदादाला सांग जरा, म्हणे मुलींच्या बस की बात नाही.

मागचं मात्र राहिलं. बाबांचा नियमच होता, तेल भरायचा वरचा नट आधी उघडायचा, मगच खालचा. नाहीतर वरचा अडला, तर जुनं तेल वाहून जातं आणि नवं भरता येत नाही. तो वरचाच उघडेना. पाय देऊन पाना दाबला, तरी हलला नाही. मागच्या वर्षी बाबांनीच आवळलेला आहे ना. मग मी खूप वेळ तशीच जीपखाली पडून राहिले.

मागे जुनंच तेल आहे, हे चौरसियाजींना सांग. त्यांचा मिस्त्री पान्याला पाइप लावून तो नट उघडेलच. फक्त आपल्या अंगणात उघडू देऊ नकोस.

ऋजुता