अकरा तुकड्यांचं औषध

२ जून, इलोइलो, फिलिपिन्स
कंपनीचं नवं औषध आलं: हायड्रॉक्सीमेथिलबेन्झोट्रायझोलिडीन. डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ नावच लिहावं लागतं, म्हणजे आम्हा मेडिकल रेप लोकांना ते घडाघडा बोलता यायलाच हवं. वीस तारखेला हॉटेलात डॉक्टरांपुढे मी बोलणार. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर करार संपला. नोकरी पक्की झाली की सासूबाईंचं घर सोडायचं, असं बायकोला, लुझला, कबूल करून बसलोय. तिनं भांडी बांधायलाही घेतली. घेऊ दे. इंग्रजी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

३ जून
तुकडे पाडले. हाय-ड्रॉक्-सी-मे-थिल्-बेन्-झो-ट्राय्-झो-लि-डीन. जोर 'ट्राय्'वर. अर्धं काम झालं. उरलेलं उद्या.

५ जून
'बेन्झो'पाशी जीभ अडखळते. दोष सुक्या मासळीचा, घसा धरतो. आजपासून बंद.

६ जून
सासूबाईंनी मासळी तळली. घरात कटुता नको म्हणून खाल्ली.

९ जून
जीपनी बसमध्ये मोठ्यानं सराव केला. शेजारच्या बाईनं छातीवर क्रूस काढला आणि पुढच्या थांब्यावर उतरली. लोक फार भाविक.

११ जून
युक्ती सापडली! सासूबाईंच्या वाढदिवसाला भाड्यानं आणलेलं, गाणाऱ्याला मार्क देणारं व्हिडिओके मशीन अजून घरातच आहे. एका प्रेमगीताच्या चालीवर अकराही तुकडे चपखल बसले. मशीननं शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले. लुझ म्हणते, ते मशीन ओरडणाऱ्याला मार्क देतं. जळते झालं.

१५ जून
आता चालीशिवाय नाव तोंडातून निघतच नाही. हरकत नाही, आपले डॉक्टर कुठे गात नाहीत? माहितीपत्रकाची बाकीची पानं वाचणार होतो, पण आवाजाला विश्रांती हवी.

२० जून
माईक हातात आला आणि गायलो. एकही तुकडा निसटला नाही! डॉक्टरांनी पान्सित नूडल्सच्या ताटल्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, पुन्हा गायला लावलं. दुसऱ्या खेपेला तर अख्खं सभागृह माझ्यासोबत गात होतं. आमच्या मॅनेजर कार्मेलामॅडमसुद्धा. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता.
मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या डॉक्टर व्हिल्यारुझबाईंनी हात वर केला. "नाव पाठ झालं बाबा. पण हे द्यायचं कुठल्या दुखण्यावर?"
मी चेहरा असा केला, जणू पुढचं कडवं आठवतोय.
मॅडम गायच्या थांबल्या.

२१ जून
करार संपला. आवाज चांगला आहे, असं मॅडम स्वतः म्हणाल्या. हे काही थोडं नाही.
घरी लुझ स्वयंपाकघरात होती. नव्या घरासाठी बांधलेली भांडी सोडून ती एकेक करून आईच्या फळीवर परत लावत होती. मदत करायला पुढे झालो, तर तिनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.
"राहू दे. तू गा."