साडभाऊ, कटला आणि मागचा लिव्हर

२ नोव्हेंबर, रविवार. भिवापूरहून परत आल्यावर

आजपासून संघपाल माझा शत्रू.

संघपाल म्हणजे माझा साडभाऊ. माझ्या बायकोच्या, रोशनीच्या धाकट्या बहिणीचा, पिंकीचा नवरा. भिवापूरला मिरचीचा व्यापार करतो आणि मासे पकडण्यात आपल्यासारखा कोणी नाही असं समजतो. गावाबाहेरच्या तलावावर आम्ही सगळे गेलो होतो. मी गळ टाकला, रॉड स्टँडवर ठेवला आणि सासऱ्यांना संयमाचं महत्त्व सांगत चहा घेत होतो. तेवढ्यात माशाने हिसका दिला आणि रॉड स्टँडसकट पाण्यात. बुडालाही नाही लगेच. मोटरबोटसारखा पाणी कापत गेला. मी कप खाली ठेवेपर्यंत गायब. (कप आधी फेकायला हवा होता, पण चहा गरम होता.)

संघपाल हसला. हसता हसता खाली बसला. पिंकीने व्हिडिओ काढला होता, तो बघून परत हसला. आता तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आहे. खाली त्याने लिहिलं, 'भाऊचा रॉड पोहाले गेला.' सासूबाईंनीसुद्धा हसणारा चेहरा टाकला. त्यांना मोबाइल मीच शिकवला होता.

बदला घेणार. आधी माशाचा, मग संघपालचा. शक्यतो एकाच दिवशी.

३ नोव्हेंबर, सोमवार

ग्रुप सोडला. सणसणीत संदेश गेला असेल.

संध्याकाळी रोशनीला सांगून परत ग्रुपमध्ये आलो. शत्रू काय बोलून राहिला ते कळायला पाहिजे. कोणीच काही बोलून नाही राहिलं. मी सोडला होता हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हत्यार घेतलं. हिंगण्याहून ड्यूटी सुटल्यावर थेट नागपुरात बर्डीच्या गळ-रॉडच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, रॉड ओढून नेता येणार नाही अशी वस्तू द्या. त्याने फ्री-स्पूल रील काढली. मागे एक छोटा लिव्हर आहे. तो लावला की मासा दोरी घेऊन खुशाल पळतो, पण रॉड जागेवर राहतो. मग आपण हँडल फिरवायचं. त्यापुढे तो बरंच काही सांगत होता, पण तोवर संघपालचा पडलेला चेहरा मला दिसायला लागला होता. मान हलवत राहिलो.

मी कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. मला मशीन समजावून सांगायची गरज नसते.

५ नोव्हेंबर, बुधवार

माल डिफेक्टिव. हँडल फिरवलं की काहीच होत नाही. उलटं फिरवलं तर अडकतं. दुकानदाराला कडक भाषेत मेसेज टाइप केला. पाठवणार तोच रोशनीने हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवलं आणि फिरवून दाखवलं. फिरलं. मेसेज ड्राफ्टमध्ये ठेवला आहे. आज ना उद्या कामी येईल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रीलवर दोरी चढवली. छान घट्ट चढली. मग लक्षात आलं की रॉडवरच्या कड्यांतून ओवायची राहिली. परत उतरवली. उतरवलेली दोरी आपोआप गोल गोल होऊन हॉलभर पसरली. मी पंखा लावला, कारण घाम आला होता. पंखा लावायला नको होता.

रोशनी कात्री घेऊन आली. माझ्याकडे न बघता दोरी कापत बसली. तिची बहीण तिकडे, मी इकडे. तिची अडचण मी समजतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून घरात भिवापुरी मिरची बंद. संघपालने पाठवलेली मिरची या ताटात नको, असं स्पष्ट सांगितलं. रोशनी म्हणाली, बरं.

वरण फिक्कं होतं. तत्त्वाची चव तशीच असते.

१० नोव्हेंबर, सोमवार

वांग्याची भाजीही फिक्की. रात्री रोशनीने ठेचा केला. मिरची कुठली, म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाजारातली. रंगाने आणि तिखटपणाने ओळखीची वाटली, पण बायकोवर विश्वास ठेवणारा माणूस आहे मी. दोनदा घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रिहर्सल. खाली राहणारे बाबनराव रिटायर आहेत. त्यांना मासा व्हायला सांगितलं. काहून गा, म्हणाले, पण आले. गच्चीवर मी रॉड टेकवून बसलो, मागचा लिव्हर लावला, दोरीचं टोक बाबनरावांच्या हातात दिलं आणि म्हटलं, पळा. ते चालत निघाले. रील कर्रर्र वाजत दोरी सोडू लागली. रॉड जागचा हलला नाही! मी डोळे मिटले आणि तलावाकाठी संघपालला काय सुनवायचं त्याची उजळणी केली. भाषण चांगलं झालं. डोळे उघडले तर बाबनराव नाहीत. जिना उतरून, चौक ओलांडून पानठेल्यावर उभे होते. दोरी हातातच होती. प्रामाणिक माणूस. मधे एक स्कूटीवाली बाई दोरीत अडकली होती, तिची माफी त्यांनीच मागितली.

हँडल फिरवून दोरी परत घेतली तेव्हा रीलमधून 'टक' असा आवाज आला आणि लिव्हर आपोआप खाली पडला. स्प्रिंग कमजोर असणार. लगेच परत वर करून दिला. यापुढे टक झालं की लिव्हर वर. दोष कळला की निम्मं काम झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

हिंगण्याच्या पुढे एका तलावावर एकटाच सरावाला गेलो. रील जोरात वाजली. झुंजलो. दंड भरून आले. शेवटी शेवाळाचा भारा निघाला. एवढं शेवाळ रीलने ओढलं, यावरून तिची ताकद कळते. म्हणजे आपण तयार.

ग्रुपवर टाकलं, 'येता रविवार. तोच तलाव. सगळ्यांनी यावे.' संघपालने अंगठा टाकला. घाबरला.

२३ नोव्हेंबर, रविवार. भिवापूर, अंघोळ करून बसल्यावर

सगळं आत्ताच लिहून काढतो, नाहीतर हे लोक वेगळंच सांगतील.

सासरे, सासूबाई, पिंकी, रोशनी, सगळे डबे घेऊन तलावावर आले होते. मी कणकेच्या गोळ्या लावून गळ टाकला, रॉड नव्या स्टँडवर ठेवला, लिव्हर वर केला आणि रॉडकडे पाठ करून उभा राहिलो. मुद्दाम. संघपालला दिसलं पाहिजे की या माणसाला आता चिंता नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा रील वाजली. कर्रर्र नाही, किंचाळलीच. रॉड जागच्या जागी! मी संघपालकडे बघितलं. तो हसत नव्हता. तो क्षण मला मिळाला, हे कोणी नाकारू शकत नाही.

मग रॉड उचलला, हँडल फिरवलं. टक. लिव्हर पडला. मी ताबडतोब वर केला. मासा पळाला. परत हँडल, परत टक, परत वर. मासा आणखी पळाला.

सासरे म्हणाले, "जावईबुवा, मच्छी पवनीले पोहोचली असन आता."

संघपाल ओरडला, "भाऊ, लिव्हरले हात नका लावू!"

मी म्हटलं, "तू मले शिकवू नको!"

"अहो, ते टक झालं म्हणजेच रीलनं पकडलं त्याले! तुमीच सोडून राहिले!"

शत्रूच्या सल्ल्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. मी विचार करत होतो. एवढ्यात दोरी संपत येऊन स्पूलचा तळ दिसायला लागला आणि मी विचार करत करतच पाण्यात सरकलो. कंबरेपर्यंत. खाली चिखल. रॉड सोडला नाही, हे लिहून ठेवतो. संघपाल पँटसकट मागून आला, त्याने माझा अंगठा लिव्हरवरून काढला, माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी हँडल फिरवलं. टक. या वेळी मासा थांबला.

मग बराच वेळ तो ओढायचा, आम्ही ओढायचो. संघपाल कानाशी म्हणत होता, "ढील द्या… आता घ्या… हळू, भाऊ, हळू." शेवटी कटला निघाला. एवढा मोठा की सासूबाई दोन पावलं मागे सरल्या.

भाषण पूर्ण पाठ होतं. तोंड उघडलं. पण संघपालने कटला माझ्या हातात दिला, माझी कॉलर सरळ केली आणि स्वतः फोटोतून बाजूला झाला. लोक जमले होते, त्यांना म्हणाला, "आमच्या भाऊनं काढला. नागपूरचे आहेत." मासा फार वळवळत होता. अशा परिस्थितीत भाषण करता येत नाही.

परतताना तो माझ्या शेजारून चालत होता. हळूच म्हणाला, "त्या दिवशी लय हासलो ना भाऊ मी. पिंकी बोलली मले. तुमच्या मनाले लागलं असन."

मी म्हटलं, "कोणत्या दिवशी?"

तो म्हणाला, "जाऊ द्या."

आत स्वयंपाकघरातून रश्शाचा वास येऊन राहिला आहे. खाणार आहे, पण मनातून नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तीनदा घेतला काल. आज जळजळ.

नीट विचार केला. संघपाल कपटी आहे. ज्याचा बदला घ्यायचा त्यानेच आपल्याला जिंकून दिलं, तर माणसाने काय करायचं? ही पद्धत मला माहीत नव्हती. कंपनीत सगळ्यांना फोटो दाखवला. रील कशी वापरायची ते समजावून सांगितलं. टक या आवाजाचं महत्त्व विशेष करून सांगितलं. नवखे लोक त्यालाच घाबरतात.

नवा बदला ठरवणार. शांत डोक्याने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पिंकीने ग्रुपवर फोटो टाकला. भिवापूरच्या चौकात फ्लेक्स लागला आहे. संघपालने लावला. 'नागपूरचे जावई श्री. धम्मानंद यांनी भला मोठा कटला काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या माणसांचे गोल गोल फोटो. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. संघपालचा फोटो कुठेच नाही. कटल्याचा चेहरा माझ्यापेक्षा मोठा आला आहे. त्याचे डोळे उघडे, माझे मिटलेले.

आता मात्र हद्द झाली. रोशनीसमोरच फोन लावला. स्पष्ट सुनावणार होतो. तो म्हणाला, "बोला, भाऊ." मी विचारलं, किती दिवस राहील तो फ्लेक्स. म्हणाला, सोमवारी नगरपंचायतवाले काढतात, तोवर आहे.

फोन ठेवला. रोशनीला म्हटलं, रविवारी भिवापूरला जाऊन येऊ. तुझ्या आईची तब्येत बघून येऊ.

ती म्हणाली, आईची तब्येत एकदम छान आहे.

म्हटलं, तरी.